मधूनच बंद पडणारी मोटार

यंत्राचा बिघाड दोन जातींचा असतो. एक उघड बिघाड. पंख्याचा पट्टा तुटला, टायर फुटला, बॅटरी उतरली. येथें कारण डोळ्यांपुढेंच पडलेलें असतें, आणि दुरुस्ती हा केवळ श्रमाचा व पैशाचा प्रश्न उरतो. दुसरा बिघाड लपंडाव खेळणारा. मोटार सकाळीं घरून निघते, तीस किलोमीटर तक्रार न करतां धांवते, आणि मग भर रस्त्यांत बंद पडते. सेल्फ कितीही मारला तरी ती दाद देत नाहीं. अर्ध्या तासानें मिस्त्री येऊन बॉनेट उघडतो न उघडतो तोंच ती पहिल्या फिरक्यांत सुरू होते. मिस्त्री एखादा प्लग पुसतो, आपले पैसे घेतो व जातो. आणि चार दिवसांनीं तोच प्रकार पुन्हां घडतो. ह्या दुसऱ्या जातीच्या बिघाडाविषयीं प्रस्तुत लेखांत चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा बिघाड पाळीच्या तापासारखा आहे. हिंवतापाचा रोगी ताप उतरल्यावर दवाखान्यांत गेला तर त्याचें अंग थंडगार लागतें. म्हणून कुशल वैद्य हात पाहण्यापूर्वीं विचारतो, ताप कोणत्या वेळीं येतो, थंडी वाजून येतो काय, किती वेळ राहतो, घाम येऊन उतरतो काय? मोटारीसही हेच प्रश्न विचारावयाचे असतात. फरक इतकाच कीं, रोगी स्वतः उत्तर देतो आणि मोटारीच्या वतीनें उत्तर चालविणाराला द्यावें लागतें. त्यानें जर लक्षच दिलें नसेल तर सर्वांत हुशार मिस्त्रीही अंधारांत चांचपडतो.

नव्या मोटारींत ही अडचण बरीच कमी झाली आहे. त्यांत इंजिनावर देखरेख करणारा लहानसा संगणक असतो, आणि अनेक दोष घडले त्या क्षणींच तो आपल्या स्मरणांत टिपून ठेवतो. जुनी मोटार मात्र मुकी असते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेली फियाट ११०० जातीची मोटार आपल्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं वापरली असेल. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं कायमची निवृत्त झाली. तरी खासगी मालकांनीं जिव्हाळ्यानें जपलेल्या अशा मोटारी अद्यापि रस्त्यांवर दिसतात. १०८९ घनसेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें, कार्बोरेटर व पॉइंट असलेलें साधें इंजिन. आमचें पुढील विवेचन अशा जातीच्या इंजिनापुरतेंच समजावें.

पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणाचें दाबलें जाणें, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी. यांपैकीं दाब हा पिस्टन, त्याच्या कड्या व झडपा यांवर अवलंबून असतो. कड्या झिजल्या तर झिजल्या. बहुधा त्या अर्ध्या तासांत बिघडून पुन्हां सुधारत नाहींत. सबब लपंडाव खेळणाऱ्या बिघाडांत दाबाचा विचार प्रथम बाजूस ठेवावा. उरल्या दोन, ठिणगी आणि पेट्रोल. सारें निदान ह्या दोहोंमध्यें निवड करण्याचें आहे.

ठिणगीची कथा मनोरंजक आहे. बॅटरी अवघ्या १२ व्होल्टांची. तेवढ्या दाबानें प्लगच्या टोंकांमधील फट ओलांडणारी ठिणगी पडणें शक्य नाहीं. येथें १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं दाखवून दिलेलें विद्युत्प्रवर्तनाचें तत्त्व उपयोगास येतें. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतून प्रवाह वाहत असतां पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, गाभ्याचें चुंबकत्व एकदम ओसरतें, आणि बारीक तारेंत दहा-वीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. मिस्त्री लोक ज्यास डेल्को म्हणतात त्यांतील रोटर हा दाब, ज्या नळकांड्याची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पोंचवितो. पॉइंटांशेजारीं कंडेन्सर असतो. प्रवाह झटक्यानें तुटावा व ठिणगी पॉइंटांवरच फुकट जाऊं नये हें त्याचें काम.

आतां थोडा हिशेब करूं. अशा इंजिनांत दर फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटास ६,००० ठिणग्या झाल्या, म्हणजे सेकंदास शंभर. सेकंदास शंभर वेळां उघडझांप करणारे हे पॉइंट अर्ध्या मिलिमीटरहूनही बहुधा कमी अशा फटीवर काम करीत असतात. ते मधूनच चुकतात ह्यापेक्षां बहुधा चुकत नाहींत ह्याचेंच आम्हांस आश्चर्य वाटतें.

मोटार बंद पडली कीं पहिला प्रश्न हा: ती कशी बंद पडली? दिव्याचें बटण दाबावें तसें इंजिन एका क्षणांत गप्प झालें, कीं आधीं अडखळलें, हिसके दिले, पाय दाबूनही वेग येईना, आणि मग हळूहळू मेलें? एकाएकीं गप्प होणें हें बहुधा विजेच्या बाजूचें लक्षण होय. प्रवाह तुटला कीं पुढची ठिणगीच नाहीं. उलट पेट्रोल बंद झालें तरी कार्बोरेटरच्या वाटींत थोडासा सांठा असतो. तो संपेपर्यंत इंजिन धापा टाकीत चालतें. हा नियम शंभर टक्के खरा नव्हे, कारण दुबळी होत जाणारी ठिणगीही हिसके देते. परंतु प्रारंभ करण्यास याहून चांगला धागा आम्हांस माहीत नाहीं, आणि तो फक्त चालविणाराच्या हातीं असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, परीक्षा मोटार बंद असतांनाच झाली पाहिजे. सुरू झालेल्या मोटारीची परीक्षा करणें म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणें. म्हणून गाडींत एक जादा चांगला प्लग नेहमीं ठेवावा. बंद पडल्याबरोबर, रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागीं, एका प्लगची जाड तार काढून ह्या जादा प्लगला जोडावी, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडास टेंकवावा, तार कोरड्या व जाड रबरानें धरावी, आणि दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगावें. प्लगवर निळसर, चट्‍चट् वाजणारी ठिणगी पडली तर विजेची बाजू बहुतांशीं निर्दोष. ठिणगी नाहीं किंवा तांबूस व मरतुकडी आहे, तर दोष तिकडेच शोधावा. मुलांनीं हा प्रयोग वडील माणसांवांचून करूं नये, आणि पेट्रोल गळत असेल किंवा त्याचा वास येत असेल तर कोणींच करूं नये.

पेट्रोलची परीक्षा याहून सोपी आहे. किल्ली बंद करावी, हवेच्या गाळणीचें झांकण काढावें, आणि कार्बोरेटरच्या तोंडांत पाहत अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हातानें ओढावा. बहुतेक कार्बोरेटरांत त्याबरोबर पेट्रोलची बारीक चिळकांडी उडतांना दिसते. ती नसली तर वाटी कोरडी आहे. उजेडासाठीं काडी ओढण्याचा मूर्खपणा कोणी करणार नाहीं असें आम्ही समजतों. ठिणगीही आहे आणि पेट्रोलही आहे, तरी इंजिन घेत नाहीं व पेट्रोलचा उग्र वास येतो, असें झाल्यास उष्णतेनें वाटींतील पेट्रोल उकळून इंजिनांत जास्त गेलें आहे. त्यास थोडा वेळ व हवा मिळाली म्हणजे पुरे.

आतां उष्णतेकडे वळूं, कारण ‘गरम झाली कीं थांबते, निवली कीं चालते’ ही तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते आणि सर्वांत अधिक फसविते. कॉइल व कंडेन्सर हे दोन्ही इंजिनाच्या ऊबेंत वर्षानुवर्षें राहून आंतून जीर्ण होतात. कॉइलमधील केंसासारखी तार एखाद्या ठिकाणीं तुटून टोंकें नुसतीं टेंकलेलीं असतात. उष्णतेनें सर्व प्रसरण पावलें कीं टोंकें अलग होतात. निवल्यावर पुन्हां टेंकतात. किंवा आवरण इतकें कमकुवत होतें कीं, तापल्यावर वीज वाटेंतच गळते. थंड कॉइल मिस्त्रीच्या मीटरवर निर्दोष दिसते, आणि बिचारा मिस्त्री खोटें बोलत नसतांही खोटा ठरतो. मीटर वापरावयाचा तर गरम असतांनाही वापरावा. मात्र तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसास शेंकडा सुमारें ०.३९ नें वाढतो हें ध्यानांत असूं द्यावें. २५ अंशांवर ३ ओहम दाखविणारी तार १०० अंशांवर जवळजवळ ३.९ दाखवील, आणि तो दोष नव्हे.

परंतु हेंच सोंग पेट्रोलही घेतें. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक द्रवांचें मिश्रण आहे, आणि त्यांतील हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतात. इंजिनावर बसविलेला पंप, ज्यास मिस्त्री ए.सी. पंप म्हणतात, टाकींतून पेट्रोल शोषून घेतो. शोषणानें नळींतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला कीं उकळणें अधिकच सोपें. नळींत वाफेचा फुगा धरला कीं पंप द्रवाऐवजीं वाफच चघळीत बसतो. वैशाखाच्या दुपारीं बोरघाट चढतांना जुन्या मोटारींची रांग कडेस उभी राहत असे, ती पुष्कळदां याच कारणानें. पंपावर व नळीवर ओलें फडकें टाकलें आणि मोटार लवकर सुरू झाली, तर संशय वाफेवर दृढ होतो. कॉइलवर ओलें फडकें टाकून ती सुरू झाली, तर कॉइलवर. मात्र दोन्हींवर एकाच वेळीं टाकलें तर मोटार सुरू होईल आणि आपणांस कांहींच कळणार नाहीं!

येथें एक प्रत्यक्ष हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ आहेत. त्यांची जुनी मोटार एकच ड्रायव्हर अनेक वर्षें चालवीत असे. ती वरचेवर बंद पडूं लागली, आणि तीही बहुधा पेट्रोल भरल्यानंतर थोड्याच अंतरावर. प्लग झाले, पॉइंट झाले, कार्बोरेटर दोनदां साफ झाला. शेवटीं मालकांच्या मनानें घेतलें कीं, ड्रायव्हर पेट्रोलांत भेसळ करवून मधले पैसे खातो. दुसरें कारण त्यांस दिसेना, आणि दिसत होतें तें सोयीचें होतें. महिनाअखेर हिशेब करूं, असें त्यांनीं त्यास बजावलें.

ह्या ड्रायव्हरचा मुलगा आमच्या शाळेंत दहावींत होता. बापावरील आळानें घरांत दोन दिवस चूल धड पेटली नव्हती. मुलानें एका वहींत, बापास विचारून विचारून, मागच्या अनेक खेपा लिहून काढल्या: दिवस, ऊन कीं पाऊस, टाकींत पेट्रोल किती, किती किलोमीटरांवर थांबली, किती वेळानें सुरू झाली. ती वही घेऊन तो आम्हांकडे आला व म्हणाला, “सर, टाकी अर्धी असली म्हणजे गाडी कधींच थांबत नाहीं. तोंडोतोंड भरली कीं वीस-पंचवीस किलोमीटरांत थांबते. भेसळ असती तर अर्ध्या टाकीलाही थांबली असती ना?”

प्रश्न बिनतोड होता. आम्हीं त्यास टाकीच्या झांकणाविषयीं विचारलें. मूळ झांकण हरवलें होतें आणि आदल्या वर्षीं बाजारांतून दुसरें आणून बसविलें होतें. पुढच्या शनिवारीं मालकांची समजूत घालून आम्ही त्यांच्यासह त्याच मोटारींतून निघालों. टाकी पूर्ण भरली. बाविसाव्या किलोमीटरास मोटारीनें दोन-तीन हिसके दिले व ती थांबली. ड्रायव्हर खालीं उतरला, “शेठ, झांकण उघडून पाहतों,” म्हणाला, आणि त्यानें तें फिरवितांच स्स्स असा आवाज करीत हवा आंत शिरली. मग सेल्फ मारला. पंपानें दोन-चार घोट घेतले आणि इंजिन सुरू झालें. त्या नव्या झांकणास हवेचें छिद्रच नव्हतें.

बॉइलचा नियम, जो त्यांनीं १६६२ सालीं प्रसिद्ध केला, तो येथें कसा लागू पडतो पाहा. समजा, ४० लिटरांची टाकी भरून वर ४ लिटर हवा उरली. इंजिनानें २ लिटर पेट्रोल घेतलें, बाहेरून हवा आली नाहीं, तर तीच ४ लिटर हवा ६ लिटर जागा व्यापते. तिचा दाब दोन-तृतीयांश होतो. टाकी अर्धी असतां २० लिटर हवा २२ लिटर जागेंत पसरते. दाब दहा-अकरांश, म्हणजे घट एक-अकरांशच. पेट्रोलची वाफ ही तूट कांहींशी भरून काढते, सबब प्रत्यक्ष घट याहून कमी असते. तथापि भरलेल्या टाकींत ती अर्ध्या टाकीपेक्षां कितीतरी अधिक व लवकर होते, हें खरेंच. पंपाची शोषणशक्ति बेताची. टाकीच जर उलट ओढूं लागली तर तो पुरा पडत नाहीं. मोटार थोडी उभी राहिली कीं झांकणाच्या कडेनें हवा झिरपते, आणि म्हणूनच ती ‘आपोआप’ बरी होत असे.

मालकांनीं त्या वेळीं कांहींच म्हटलें नाहीं. छिद्राचें झांकण मात्र त्याच संध्याकाळीं आलें, आणि महिनाअखेरचा तो हिशेब झाला नाहीं.

टाकीच्या आंत आणखी एक चोर राहतो: गंजाचा पोपडा किंवा कागदाचा कपटा. तो तरंगत तरंगत नळीच्या तोंडाशीं येतो, शोषणानें तेथें चिकटतो, आणि इंजिन बंद झालें कीं सुटून पुन्हां तळाशीं जातो. त्याचें लक्षण असें कीं ह्या थांबण्यास वेळेचा, उन्हाचा, अंतराचा कसलाच ताळमेळ नसतो.

पावसाळी बिघाडास फार बोलावयास नको. डेल्कोच्या झांकणावर किंवा तारांवर ओल धरली कीं वीज प्लगपर्यंत न पोंचतां पृष्ठभागावरून पळते. कोरड्या फडक्यानें आंतबाहेर पुसून घ्यावें, आणि पेन्सिलीची रेघ ओढल्यासारखी बारीक काळी रेषा झांकणाच्या आंत दिसली तर तें झांकण बदलावें. खड्ड्यांत आदळल्यावर थांबणाऱ्या मोटारींत सैल जोड शोधावा: बॅटरीचीं टोंकें, अर्थची पट्टी, किल्लीमागील तारा, आणि डेल्कोच्या आंतील पॉइंटांकडे जाणारी लहानशी तार. ही शेवटची तार फार लबाड. वरचें आवरण अखंड दिसतें आणि आंतील धातू तुटलेला असतो. हलकेच ओढून पाहिल्यास ती रबरासारखी ताणते.

पालकांस आमची विनंती आहे ती पैशाविषयीं. असल्या मोटारीस एकदम पांच नवे भाग बसवून घेण्याचा मोह होतो. त्यानें मोटार बरी झाली तरी कोणता भाग दोषी होता हें कळत नाहीं, आणि न झाली तर पांच नव्या भागांवर पांच नवे संशय उत्पन्न होतात. कारण नवा भाग चांगलाच असतो असें नाहीं. एका वेळीं एकच भाग बदलावा, जुना जपून ठेवावा, आणि पूर्वीं ज्या परिस्थितींत मोटार थांबत असे त्याच परिस्थितींत ती निदान चार-पांच वेळां चालवून पाहावी. गॅरेजच्या दारांत सुरू झाली एवढ्यावरून ती दुरुस्त झाली असें मानूं नये. ती तर हात न लावतांही सुरू होत होतीच.

जोंपर्यंत कारण सांपडलें नाहीं तोंपर्यंत अशी मोटार रात्रीं घाटांत किंवा एकट्यादुकट्यानें दूरच्या प्रवासास नेऊं नये. बंद पडतांना जो वेग उरला असेल त्यावरच डावीकडे कडेला घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावे, त्रिकोण मागें दूर ठेवावा, आणि मुलांना मोटारीमागें उभें राहूं देऊं नये. रेल्वेच्या फाटकांत थांबली तर प्रथम माणसें उतरवून रुळांपासून दूर न्यावींत व फाटकवाल्यास कळवावें. गाडी येत नसल्याची त्याच्याकडून खात्री झाल्यावरच पहिला गिअर टाकून, क्लच सोडून सेल्फ मारावा. बॅटरीच्या बळावर जुनी मोटार हिसके देत रुळांपलीकडे सरकते.

अलीकडे एक नवें कारण वाढलें आहे. २०२५ पासून आपल्या देशांत मिळणाऱ्या सामान्य पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. जुन्या मोटारींतील रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्या काळच्या पेट्रोलसाठीं बनविलेले. इथेनॉलनें तसलें रबर फुगतें, मऊ पडतें किंवा चिरतें. इथेनॉल पाणी शोषून घेतें आणि टाकीच्या तळचा जुना गाळही सोडवितें. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पडदे बाजारांत मिळतात, ते बसवून घ्यावे. पारदर्शक गाळणी लावावी आणि पहिले कांहीं महिने ती दर आठवड्यास पाहावी. जुनी नळी बोटांनीं दाबून वांकविली असतां तिच्यावर बारीक चिरा दिसल्या, किंवा ती चिकट लागली, तर इंजिन उत्तम चालत असलें तरी त्याच दिवशीं बदलावी. चिरलेल्या नळींतून पंप हवा ओढतो, आणि मोटार मधूनच बंद पडूं लागते. शिवाय तापलेल्या इंजिनावर गळणारें पेट्रोल केव्हां पेट घेईल ह्याचा नेम नसतो.